पानाचे इमान

वाङ्मयीन मासिकाच्या दिवाळी अंकात कॅलेंडरच्या पानाची समीक्षा करावयास बसणे काहींना थट्टेचे वाटेल. मला तसे वाटत नाही. कवितेविषयी किंवा कथेविषयी बोलताना आपण आशय आणि घाट हे दोन शब्द वापरतो. आशयाला साजेसा घाट लाभला आहे का, घाटाच्या हट्टापायी आशयाचा काही भाग कापला गेला आहे का, असे प्रश्न विचारतो. हे प्रश्न फक्त कवितेलाच विचारावेत असा काही नियम नाही. मराठी घरात वर्षाचे बारा महिने, रोज, घरातल्या लहानथोरांकडून वाचले जाणारे छापील पान कोणते, असे कोणी विचारले तर मला एखाद्या कादंबरीचे नाव घेता येणार नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरकडेच बोट दाखवावे लागेल. जे पान इतके वाचले जाते त्याच्या घाटाविषयी कोणी बोलत नाही, याचेच खरे तर नवल वाटावयास हवे.

मात्र मी येथे लिहिणार आहे ते छापखान्यातून वर्षाकाठी एकदा येणाऱ्या कॅलेंडरविषयी नव्हे. संगणकावरच्या किंवा मोबाइलवरच्या कॅलेंडरात आपण डॉक्टरांची वेळ, मुलांच्या परीक्षा, विम्याचा हप्ता अशा नोंदी करतो. मनात आले तर त्या नोंदींचे महिन्याचे पान प्रिंटरवर काढता येते. मला बोलावयाचे आहे ते या पानाविषयी. माझे म्हणणे थोडक्यात असे की, हे पान वाचणाऱ्याशी इमान राखत नाही. आणि त्याचा दोष कागदाच्या तोकडेपणाला देता येणार नाही. आपण हे कोणासाठी छापतो आहोत, हा प्रश्न ते घडवणाऱ्यांनी स्वतःला विचारलेला नाही, एवढेच त्याचे कारण मला दिसते.

हा विषय माझ्या डोक्यात कसा शिरला ते सांगितले पाहिजे. माझी आई सातारला राहते. वय ८४, मधुमेह, रक्तदाब आणि गुडघे हे तिघे सोबतीला. आम्ही तीन भावंडे तीन गावांत. आम्ही तिघांनी मिळून एक सामाईक कॅलेंडर केले आहे. त्यात कोणी कधी जायचे, कोणती तपासणी कधी, कोणती गोळी कधी, हे सारे लिहितो. परंतु आईजवळ दिवसभर असतात त्या बाई मोबाइल फक्त फोन करण्यापुरता वापरतात. म्हणून दर महिन्याच्या अखेरीस पुढल्या महिन्याचे पान मी छापतो आणि सातारला पाठवतो. ते स्वयंपाकघरातल्या फळीखाली चिकटवलेले असते. आमच्या त्या घराचा कारभार वर्षभर त्या एका कागदावर सुरळीत चालला होता.

मग एका सोमवारी दुपारी बाईंचा फोन आला. "दादा, रक्तदाबाची गोळी आज आणखी दोन द्यायच्या म्हणून लिहिलंय. एकदम द्यायच्या का थोड्या अंतरानं?"

मी गोंधळलो. असे मी काहीही लिहिले नव्हते. संगणक उघडून पाहिले तेव्हा उलगडा झाला. त्या दिवशी पाच नोंदी होत्या. सकाळी सातला उपाशीपोटी रक्ततपासणी, नऊला व्यायाम करून घेणारे डॉक्टर, एकला रक्तदाबाची गोळी, साडेचारला डोळ्यांचे डॉक्टर, आणि रात्री आठला ही सूचना की रात्रीच्या बाई आज येणार नाहीत. छापील पानावरच्या चौकोनात पहिल्या तीनच मावल्या होत्या. चौथ्या ओळीत, गोळीच्या बरोबर खाली, सॉफ्टवेअरने आपल्या मनाने छापले होते: 'आणखी २'.

बाईंनी ते जसे लिहिले होते तसे वाचले. 'रक्तदाबाची गोळी, आणखी २.' त्यांच्या वाचनात कोणतीही चूक नव्हती. ज्याला मराठी येते तो दुसरे काय वाचील? त्या विचारण्याइतक्या सावध होत्या म्हणून काही विपरीत घडले नाही. यात सॉफ्टवेअरचे काही श्रेय नाही.

स्क्रीनवर 'आणखी २' ही दोन अक्षरे म्हणजे एक दार असते. त्यावर बोट ठेवले की ते उघडते आणि आतल्या दोन नोंदी बाहेर येतात. तेथे ही युक्ती वावगी नाही. लहानशा पडद्यावर ती सोयीचीच आहे. परंतु कागदावर बोट कितीही दाबले तरी काही उघडत नाही. दाराचे चित्र भिंतीवर काढावे आणि पाहुण्याला आत या म्हणावे, तसा हा प्रकार झाला. सॉफ्टवेअर छापते ते पान नसते. ते पडद्याचे छायाचित्र असते. पडद्यावर जे उघडता येते, सरकवता येते, मोठे करता येते, त्या सर्व क्रिया छायाचित्रात गोठून जातात, आणि त्या क्रियांच्या भरवशावर जे लपवले होते ते कायमचे लपते.

मी नंतर मागच्या महिन्याचे पान काढून पाहिले. त्यातही असाच पाच नोंदींचा एक सोमवार होता, आणि पाचही नोंदी नीट छापल्या होत्या. मग याच वेळी काय झाले? उत्तर मोजपट्टीने मिळाले. आपण नेहमी वापरतो तो ए-फोर कागद २९७ मिलिमीटर लांब आणि २१० मिलिमीटर रुंद असतो. आडवा धरला, चारही बाजूंना १० मिलिमीटर समास सोडला आणि महिन्याचे नाव व वारांची नावे यांना वर २० मिलिमीटर दिले, तर दिवसांच्या चौकोनांसाठी २७७ बाय १७० मिलिमीटर उरतात. सात वारांत विभागले की चौकोनाची रुंदी साधारण साडेएकोणचाळीस मिलिमीटर. महिन्यात आठवड्यांच्या पाच ओळी असतील तर उंची ३४ मिलिमीटर. तारखेच्या आकड्याचे ६ वजा केले तर उरतात २८. दहा पॉइंटच्या देवनागरीला वरच्या मात्रावेलांट्या आणि खालचे उकार धरून ओळीमागे ५ मिलिमीटरच्या आसपास लागतात. म्हणजे पाच ओळी. पण ३१ दिवसांचा महिना शनिवारी सुरू झाला की आठवड्यांच्या सहा ओळी होतात. ऑगस्ट २०२० हा असा महिना होता. मग चौकोनाची उंची २८ मिलिमीटरवर येते आणि ओळी चारच उरतात. आमचा तो महिना असाच सहा ओळींचा होता. नोंदी तेवढ्याच, कागद तोच, अक्षर तेच; फक्त महिन्याची पहिली तारीख कोणत्या वारी पडली, एवढ्यावरून दोन नोंदी पानावरून नाहीशा झाल्या.

आपल्याकडच्या भिंतीवरच्या अनेक कॅलेंडरांनी सहाव्या ओळीचा हा पेच पूर्वीच सोडवला आहे. ती ३० आणि ३१ या तारखा पहिल्या ओळीतल्या रिकाम्या चौकोनांत बसवतात. पाहणाऱ्याला ते थोडे विचित्र दिसते, पण चौकोन लहान होत नाही आणि तारीख हरवत नाही. सौंदर्याला किंचित मुरड घालून आशय राखण्याचा हा निर्णय आहे. तो कोणा छापखानेवाल्याने केला असेल; त्याला घाट म्हणजे काय हे कोणी शिकवले नसेल, पण त्याला ते कळत होते.

चौकोनाच्या उंचीचे झाले, आता रुंदीचे. नोंद लांब असली की सॉफ्टवेअर ती ओळीच्या शेवटी कापते आणि तीन टिंबे देते. इंग्रजीत या कापण्याने होणारे नुकसान बऱ्याचदा कमी असते, कारण तेथे नकार आणि क्रियापद वाक्याच्या आरंभाकडे येतात. मराठी वाक्याचा निकाल शेवटी लागतो. करावे की करू नये, आहे की नाही, ठरले की रद्द झाले, हे आपण अखेरच्या शब्दापर्यंत राखून ठेवतो. मी मुद्दाम एक प्रयोग करून पाहिला. 'गोळी सकाळी देऊ नये' अशी नोंद केली, तिच्याआधी वेळ आली, आणि रुंदी कमी करीत गेलो. एका टप्प्यावर पानावर उरले ते असे: 'गोळी सकाळी दे…' आज्ञेचा अर्थ पूर्णपणे उलटला होता आणि वाक्य व्याकरणाने शुद्ध होते. अशुद्ध असते तर वाचणाऱ्याला शंका तरी आली असती. ज्या भाषेत वाक्याचे मर्म शेपटात असते तिच्या वाक्यांची शेपटे कापणारे यंत्र त्या भाषेसाठी केलेले नाही, हे उघड आहे. आपण ते तसेच स्वीकारले आहे, हेही तितकेच उघड आहे.

यावर कोणी म्हणेल की, कागद लहान आहे आणि नोंदी अमर्याद, काहीतरी गळणारच. हा आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे, कारण त्यात तथ्य आहे. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने 'दर मंगळवारी फिजिओथेरपी' ही एक नोंद नसून एक नियम असतो. कॅलेंडरच्या नोंदी एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जाव्यात म्हणून आयकॅलेंडर नावाचा जो जागतिक संकेत १९९८ साली ठरला आणि २००९ साली सुधारला गेला, त्यात अशा पुनरावृत्तीची मांडणी फार बारकाईने केलेली आहे. त्या नियमाला शेवट दिला नाही तर तो चालतच राहतो. कागदाला मात्र शेवट असतो. अनंताला चौकोनात बसवावयाचे तर काही राहणारच. पण काही राहणे आणि राहिलेले लपवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि समीक्षकाने बोट ठेवावयाचे ते नेमके त्यांमधल्या फटीवर.

ही फट मला दिसली ती पंचांगामुळे. पंचांगकर्त्याची अडचण या सॉफ्टवेअरच्या अडचणीहून अधिक बिकट आहे. त्याला दोन कालगणना एका पानावर बसवावयाच्या असतात, आणि त्या एकमेकींत कधीच नीट बसत नाहीत. तिथी सुमारे २० तासांपासून २७ तासांपर्यंत कितीही लांबीची असू शकते. वार मात्र सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत. सूर्योदयाला जी तिथी चालू असेल ती त्या दिवसाची तिथी, असा नियम. मग एखादी तिथी दोन सूर्योदयांना स्पर्श करते, तिला वृद्धी म्हणतात. एखादी एका सूर्योदयानंतर सुरू होऊन दुसऱ्याच्या आधीच संपते. तिला कोणताच दिवस मिळत नाही, कोणत्याच चौकोनावर तिचा हक्क उरत नाही. सॉफ्टवेअरच्या न्यायाने ती 'आणखी १' व्हावयाची.

पंचांगकर्ता तसे करीत नाही. तो तिचे नाव छापतो, ती केव्हा संपते ती वेळ छापतो, आणि तिला क्षयतिथी असे म्हणतो. जिला जागा मिळाली नाही तिला त्याने संज्ञा दिली. न मावणे ही त्याच्या मते लपवण्याची गोष्ट नसून नोंदण्याची गोष्ट आहे. गणपत कृष्णाजींनी मुंबईत १८३१ साली शिळाप्रेसवर पंचांग छापले, तेव्हा छापील पंचांग विटाळाचे ठरेल अशी धास्ती होती आणि म्हणून त्यांनी शाईत चरबीऐवजी तूप घातले, असे सांगतात. शाईविषयी लोकांना शंका होती. पानातला मजकूर मात्र पोथीतल्यासारखाच पुरा असला पाहिजे याविषयी कोणालाच शंका नव्हती. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी कालनिर्णय काढून पंचांग आणि कॅलेंडर एका पानावर आणले. तेव्हाही चौकोनात इंग्रजी तारखेबरोबर तिथी, नक्षत्र, सण यांची दाटी झाली. अक्षर बारीक झाले, वडीलधाऱ्यांना चष्मा शोधावा लागला. हा दोषच आहे, मी तो नाकारीत नाही. पण बारीक अक्षर भिंगाने वाचता येते. न छापलेले अक्षर वाचण्याचे भिंग अजून निघालेले नाही.

ही जाण फक्त आपल्या परंपरेत आहे असे मात्र कोणी समजू नये. संगणकाच्या परंपरेतही ती होती. अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये युनिक्स ही संगणकप्रणाली घडली. तिच्या १९७१ च्या पहिल्या आवृत्तीतच 'कॅल' नावाचा एक छोटासा प्रोग्रॅम होता, आणि त्याचे वंशज आजही चालतात. त्याला वर्ष आणि महिना सांगावा, तो साध्या अक्षरांत त्या महिन्याचे पान लिहून देतो. त्याला सप्टेंबर १७५२ विचारला की तो १, २ लिहितो आणि त्यानंतर लगेच १४ लिहितो. हा बिघाड नव्हे. ब्रिटनने आणि त्याच्या वसाहतींनी त्या वर्षी जुने पंचांग टाकून नवे घेतले, तेव्हा २ सप्टेंबरनंतरचा दिवस १४ सप्टेंबर धरला गेला. मधले ११ दिवस उगवलेच नाहीत. कॅलचे पान ही तूट सरळ दाखवते. ज्याला इतिहास ठाऊक नाही तोही ते पाहून थबकतो आणि विचारतो. उणीव दिसली म्हणजे प्रश्न निर्माण होतो. पंचांगातली क्षयतिथी आणि कॅलमधला तो सप्टेंबर यांचे नाते हे असे आहे.

मग आजच्या सॉफ्टवेअरला हे का जमू नये? साधने नाहीत असे म्हणता येत नाही. वेबपानाचा घाट ज्या सीएसएस नावाच्या नियमांनी ठरतो त्यांच्या १९९८ सालच्या दुसऱ्या आवृत्तीतच छापील पानाचा आकार, समास, पान कोठे तोडावे आणि कोठे तोडू नये, यांची तरतूद होती. मायक्रोसॉफ्टच्या आउटलुकमध्ये दिवसाचे, आठवड्याचे, महिन्याचे, तीन घड्यांचे आणि तपशीलवार यादीचे, असे छपाईचे निरनिराळे नमुने मिळत आले आहेत. आउटलुक २००७ साठी तर त्या कंपनीने निव्वळ कॅलेंडर छापण्यापुरते एक वेगळे साहाय्यक सॉफ्टवेअर दिले होते. म्हणजे छापणे हे स्वतंत्र काम आहे, ते पडद्याच्या मागून फुकट मिळत नाही, हे घडवणाऱ्यांना कळलेले होते. आयकॅलेंडरचा संकेत नोंदीचा आरंभ, अंत, पुनरावृत्ती, गजर हे सर्व सांगतो. नोंद कागदावर कशी दिसावी याविषयी तो काही सांगत नाही. ते ज्याच्या त्याच्या विवेकावर सोडलेले आहे.

यादीचा नमुना वापरा, म्हणजे काही गळणार नाही, असाही सल्ला मला मिळाला. तो मी अमलात आणून पाहिला. यादीत खरोखरच सर्व नोंदी येतात, पूर्ण वाक्यांत येतात, आणि लांबली तर दुसऱ्या पानावर जातात. या नमुन्याचा मी आदर करतो. परंतु दोन दिवसांनी बाईंनी तो परत चौकोनी करून मागितला. "कधी मोकळं आहे ते यातनं कळत नाही," असे त्या म्हणाल्या. त्यांच्या त्या वाक्यात मला एक पुरी समीक्षा सापडली. यादीत नोंद असलेले दिवसच येतात. रिकामे दिवस छापले जात नाहीत. मंगळवारनंतर एकदम शुक्रवार येतो आणि मधली दोन दिवसांची उसंत डोळ्यांना दिसत नाही. चौकोनांच्या पानात गर्दीचे दिवस अर्धे होतात, तर यादीत मोकळे दिवस नाहीसे होतात. आजारी माणसाच्या घरात मोकळा दिवस ही मोठी गोष्ट असते. त्या दिवशी नहाणे घालायचे, उन्हात बसवायचे, त्या दिवशी बाईंना आपल्या मुलीकडे जाऊन यायचे असते. महिन्याला एक आकार असतो, आणि तो डोळ्यांनी एका दृष्टिक्षेपात घ्यावयाचा असतो. भिंतीवरच्या पानाचा घाट चौकोनी झाला तो याच कारणाने.

रंगांची कथाही अशीच. आम्ही तिघा भावंडांना तीन रंग दिले आहेत: थोरले बंधू हिरवे, मी तांबडा, धाकटी बहीण निळी. कोणाची पाळी हे नोंदीत लिहावे लागत नाही, रंगच सांगतो. पण ब्राउझरमधून छापताना मागचे रंग न छापणे हीच बहुतेक ब्राउझरांची मूळ सवय आहे. शाई वाचावी हा हेतू. वेगळी खूण केल्याशिवाय रंगाच्या पट्ट्या येतच नाहीत. खूण करून काळ्या शाईच्या प्रिंटरवर छापले की तांबडा आणि हिरवा दोन्ही एकाच करड्या छटेचे होतात. अर्थ ज्या गोष्टीत साठवला तीच गोष्ट कागदाकडे येताना वाटेत सांडते, आणि सांडल्याची वर्दी कोणी देत नाही.

आणखी एक प्रसंग सांगतो. एका महिन्यात मी आजारी होतो, म्हणून पान धाकट्या बहिणीने तयार करून पाठवले. ती न्यू जर्सीत असते. तिच्या संगणकाने सगळ्या वेळा तिच्या गावच्या केल्या. सोमवारी सकाळी सातची रक्ततपासणी पानावर रविवारी रात्री साडेनऊला जाऊन बसली. उन्हाळी घड्याळाच्या दिवसांत तेथले घड्याळ आपल्यामागे साडेनऊ तास असते, त्यामुळे हिशेबात काही चूक नव्हती. फक्त हे घड्याळ कोणत्या गावचे, एवढे त्या पानावर कोठे नव्हते. आमची पंचांगे मात्र सूर्योदय कोणत्या स्थळाचा धरला आहे ते सांगतात, आणि दुसऱ्या गावच्या माणसाने किती मिनिटे मिळवावीत किंवा वजा करावीत याचे कोष्टकही देतात. आपण कोठे उभे राहून आकाश पाहिले ते आधी सांगावे, हा त्या शास्त्राचा शिष्टाचार आहे.

या साऱ्या उदाहरणांतून मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते. ही सॉफ्टवेअरे असे गृहीत धरतात की कागद वाचणारा आणि पडदा पाहणारा हा एकच माणूस आहे. कागदावर काही कमी पडले तर तो पडदा उघडून पाहील; कागद ही त्याची केवळ आठवण. कचेरीतल्या मनुष्याच्या बाबतीत हे खरे असेल. परंतु आज घरातून जे पान छापले जाते ते बहुधा ज्याच्याजवळ पडदा नाही त्याच्याचसाठी छापले जाते: म्हातारी आई, तिला सांभाळणाऱ्या बाई, वसतिगृहाच्या दारावरची सूचना वाचणारी मुले, देवळातल्या फळ्यापाशी थांबलेले भजनी मंडळ. ज्याला पडदा आहे त्याला कागदाची गरज नाही, आणि ज्याला कागदाची गरज आहे त्याला अर्धा कागद मिळतो. छापण्याची सोय कोणी वापरत नाही म्हणून तिच्याकडे लक्ष देत नाही, असे घडवणारे म्हणत असतील तर त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, ती ज्यांच्या उपयोगी पडते त्यांची गणती तुमच्या वहीत होतच नाही. ते तुमचे ग्राहक नाहीत. ते तुमचे वाचक आहेत. वाचकाविषयीचे कर्तव्य ग्राहकाविषयीच्या कर्तव्याहून जुने आहे, हे या अंकाच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको.

मी काही अशक्य मागत नाही. ज्या आठवड्यात गर्दी आहे त्याची ओळ उंच करावी आणि मोकळ्या आठवड्याची बुटकी. सगळ्या ओळी एका उंचीच्या असाव्यात असा कोणता शास्त्राधार आहे? तेवढ्यानेही न भागले तर चौकोनात एक आकडा द्यावा आणि उरलेल्या नोंदी पानाच्या तळाशी किंवा पाठीवर त्या आकड्याखाली पुऱ्या छापाव्यात. ग्रंथांच्या तळटीपा शतकानुशतके हेच करीत आल्या आहेत. वाक्य कापावयाचे झाले तर ते छापण्यापूर्वी छापणाऱ्याला दाखवावे. रंगाबरोबर नावाचे आद्याक्षर द्यावे. कोपऱ्यात गावाचे घड्याळ आणि छापल्याची तारीख असावी. आणि यातले काहीही जमले नाही तर निदान एक वाक्य मोठ्या अक्षरात छापावे, की या पानावर इतक्या नोंदी आलेल्या नाहीत. अपुरे पान मी वाचून घेईन. पुरेपणाचा आव आणणाऱ्या पानाला मात्र क्षमा करणे कठीण जाते.

तोवर आमची व्यवस्था अशी आहे. महिन्याअखेर मी चौकोनांचे पान छापतो. मग संगणक समोर ठेवून एकेक दिवस ताडून पाहतो आणि जेथे 'आणखी' हा शब्द आला असेल तेथे तो खोडून त्या नोंदी हाताने, बारीक अक्षरात, समासात लिहितो. पंधरा मिनिटे लागतात. परवा सातारला गेलो तेव्हा फळीखालचे पान जवळून पाहिले. माझ्या अक्षराच्या शेजारी पेन्सिलीने आणखी काही खुणा होत्या. दुधाचे खाडे, गॅसची टाकी बदलल्याची तारीख, आणि दोन मोकळ्या चौकोनांत बाईंनी काढलेली लहानशी फुली. ती कशाची म्हणून विचारले तर त्या म्हणाल्या, "त्या दिवशी आजींना अंगणात नेलं होतं. पुढल्या महिन्यात असे दिवस किती आहेत ते बघून ठेवा."

मी पुढल्या महिन्याचे पान काढले आणि मोजले. सहा होते.